मोरो केशव दामले आणि आपले मराठी लेखन

भाषा विशेषांकाची वेळ जवळ आली की गावोगावच्या वाचनालयांकडून आणि मंडळांकडून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलांना, नव्या शिक्षकांना, मंडळाच्या चिटणिसांना मराठी नीट लिहावयाचे आहे. पुस्तकांसाठी हाताशी पैसे थोडे आहेत. तर व्याकरणाची आणि लेखनाची कोणती पुस्तके घ्यावीत? शाळेतले व्याकरण झाले आहे, त्याच्या पुढचे हवे आहे. या प्रश्नाला चार-सहा नावांची यादी पाठवून देणे सोपे आहे. पण यादी हातात आली म्हणजे निवड कळते असे नाही. म्हणून यंदा आम्ही यादीच्या आधी एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. आपल्या आधीच्या साऱ्या व्याकरणकारांची मते त्याने एकेक करून तोलली, काही घेतली, काही टाकली आणि का टाकली हेही लिहून ठेवले. पुस्तके कशी निवडावीत हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाकडून शिकता येणार नाही. त्याचे नाव मोरो केशव दामले.

या नावाशी आमच्या हुबळी-धारवाडचा संबंध आहे आणि तो दुःखाचा आहे. मोरोपंतांचे थोरले बंधू कृष्णाजी केशव दामले, म्हणजे कवी केशवसुत, १९०४ साली खानदेशातील फैजपूरहून बदलून धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. हायस्कुलात मराठी शिकविले जात असे आणि गावात कन्नड भाषेची नवी जाग आलेली होती. कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन होऊन (१८९०) चौदा वर्षे झाली होती. पुढे कन्नडचे थोर कवी झालेले द. रा. बेंद्रे त्या वेळी याच गावातल्या मराठी बोलणाऱ्या घरातले आठ वर्षांचे बालक होते. १९०५ च्या नोव्हेंबरात केशवसुत आप्तांकडे हुबळीस गेले असता त्यांना प्लेगने गाठले आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. आठवडाभरात त्यांच्या पत्नीही गेल्या. मराठी कवितेला नवे वळण लावणारा माणूस चाळिशीही न गाठता आमच्या गावच्या मातीत मिसळला, ही गोष्ट येथील मराठी माणूस अजून सांगतो. पण त्यांच्या पाठच्या भावाने मराठीसाठी काय केले, हे मात्र सीमाभागातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

दामले घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे. वडील केसोपंत आधी मराठी शाळेत शिक्षक होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी दापोलीजवळच्या वळणे गावी विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीचा कारभार पाहिला. मोरोपंतांचा जन्म १८६८ सालचा. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची, त्यामुळे मुलांचे शिक्षण नातेवाइकांच्या आधाराने, या गावाहून त्या गावी होत राहिले. थोरले केशवसुत १८८९ साली कसेबसे मॅट्रिक झाले आणि पोटासाठी मिळेल ती नोकरी करीत फिरले. मोरोपंत मात्र शिकत गेले आणि मुंबई विद्यापीठाचे एम. ए. झाले. धाकटे सीताराम केशव लेखक आणि पत्रकार म्हणून नावारूपास आले. कवी, वैयाकरण आणि पत्रकार अशी तीन भावंडे एका शिक्षकाच्या घरात निपजली, हे सर्व शिक्षक-पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कवी नियम मोडतो आणि वैयाकरण नियम करतो, म्हणून दोघांचे पटत नाही असा एक समज आहे. पण केशवसुतांनी इंग्रजीतले चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले ते मराठीच्या घडणीची नाडी हाती होती म्हणूनच, आणि मोरोपंतांनी नियम सांगितले ते बोलती-लिहिती भाषा समोर ठेवूनच. मुळात दोघेही पेशाने शिक्षक.

१८९४ साली मोरोपंत उज्जैनच्या माधव कॉलेजात इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवू लागले आणि १९०८ पर्यंत तेथे होते. उज्जैन तेव्हा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात. दरबारात आणि कचेऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ, पण बाजारात आणि रस्त्यावर माळवी आणि हिंदी. मराठी घरातली भाषा आणि दाराबाहेरची भाषा निराळी, ही स्थिती सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. माधव कॉलेज सुटल्यावर मोरोपंतांनी नागपूर आणि पुणे येथील शाळांतून शिकविले. १९११ साली त्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एवढा जाडजूड, आधीच्या प्रत्येक मताचा झाडा घेणारा ग्रंथ दोन-तीन वर्षांत उभा राहत नाही, हे लेखनाचा अनुभव असलेला कोणीही सांगेल. तेव्हा या ग्रंथाच्या तयारीचा बराच काळ मराठी मुलखाबाहेर गेला असला पाहिजे, असा आमचा तर्क आहे. दुसरी भाषा रोज कानांवर पडत असली म्हणजे आपल्या भाषेच्या खोडी आणि खुब्या अधिक स्पष्ट दिसतात. आपल्याकडेही तसे व्हावयास हरकत नाही.

मोरोपंतांनी काय केले हे कळण्यासाठी त्यांच्या आधीचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. मराठीचे पहिले छापील व्याकरण १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी या मिशनऱ्याने इंग्रजीतून काढले. ते परक्यांना मराठी शिकविण्यासाठी होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली छापले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. दादोबांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी व्याकरणाची, विशेषतः लिंडले मरे याच्या पुस्तकाची मांडणी होती. ती पुढे अनेक वर्षे शाळांतून चालली आणि दादोबांना मराठीचे पाणिनी म्हटले जाऊ लागले. नंतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत व्याकरणाच्या अंगाने दादोबांची मते तपासली आणि अनेक ठिकाणी खोडून काढली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ लिहून वाक्याच्या रचनेकडे लक्ष वेधले. म्हणजे मोरोपंत लिहावयास बसले तेव्हा मराठीत व्याकरणे नव्हती असे नाही. ती अनेक होती आणि एकमेकांशी भांडत होती. विद्यार्थी गोंधळत होते आणि शिक्षक आपापल्या गुरूचे मत खरे मानून चालत होते.

आज आमच्या वाचनालयांची जी अडचण आहे, तीच त्या वेळच्या शिक्षकाची होती. पुस्तके आहेत, पण कोणाचे ऐकावे? मोरोपंतांनी यातून जी वाट काढली ती तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाला शोभणारी होती. एखादा प्रश्न घ्यावयाचा. विभक्ती रूपावरून ठरवावी की अर्थावरून, हा त्यांतला मोठा प्रश्न. त्यावर आधीच्यांनी काय म्हटले आहे ते त्यांच्या बाजूने नीट मांडावयाचे. मग व्याख्या लावून पाहावयाची, उदाहरणे घालून पाहावयाची, आणि ज्या उदाहरणात मत अडते ते दाखवून आपला निर्णय द्यावयाचा. गावातला चांगला पंच दोन्ही पक्ष ऐकून घेतो आणि निकालाबरोबर कारण सांगतो, तशी ही पद्धत आहे. निकाल न पटला तरी वाचणाऱ्याच्या हातात पुरावा राहतो. त्यानंतरच्या अभ्यासकांनी मोरोपंतांशीही मतभेद केले. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ केला. पण पुनर्विचार करण्याजोगे काही समोर असावे लागते, आणि ते दामल्यांनी ठेवले होते.

आता हे सारे आपल्या कामाचे कसे, ते सीमाभागातल्या एका रोजच्या उदाहरणाने सांगतो. आपल्या शाळांतील मूल लिहिते, ‘मी भाकरी खाल्लो.’ ‘मी पुस्तक वाचलो.’ शिक्षक तांबड्या शाईने खोडतात आणि ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी पुस्तक वाचले’ असे वर लिहितात. मूल ते उतरवून घेते आणि पुढच्या आठवड्यात ‘मी चहा घेतलो’ लिहिते. दहा वेळा खोडून उपयोग होत नाही, कारण मुलाला कारण कोणी सांगितलेले नसते. कारण असे की कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे जाते. ‘नानु रोट्टि तिंदे’, ‘नानु हण्णु तिंदे’. भाकरी असो की फळ असो, ‘तिंदे’ बदलत नाही. मराठीत मात्र भूतकाळात कर्म असलेले क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जाते. आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, फळ खाल्ले. हा कर्मणी प्रयोग. त्यात आणखी गोम अशी की कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, तर मराठीत कागद तो, वही ती आणि पुस्तक ते. म्हणजे आपल्या मुलाला एकाच वाक्यात दोन घाट चढावयाचे असतात. पुण्याच्या मुलाला हे चढ जाणवतही नाहीत, म्हणून पुण्यात पुण्याच्या मुलांसाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्यांच्यावर फारशी पाने खर्च केलेली नसतात.

हुशार मूल पुढे विचारते, मग ‘मी धडा शिकलो’ बरोबर कसे? ‘मी वही विसरलो’, ‘मी पाणी प्यालो’ हेही चालते ना? चालते. शिकणे, विसरणे, पिणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्त्याच्याच मागे जातात. आणि ‘तू भाकरी खाल्लीस’ या वाक्यात क्रियापद भाकरीप्रमाणे स्त्रीलिंगी होते, पण शेवटचा ‘स’ तू कडून येतो. अशा मिश्र रचनेला संकरप्रयोग म्हणतात. याचा अर्थ कर्त्याकडे झुकण्याची ओढ प्रमाण मराठीतही आहे. आपली बोली त्या वाटेने दोन पावले पुढे गेली आहे, एवढेच. हे समजले की ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणणाऱ्या आजीची लाज वाटत नाही, आणि अर्जात मात्र ‘खाल्ली’ लिहावयाचे हेही पक्के होते. नुसता नियम सांगणारे पुस्तक मुलाच्या मनात आपल्या घरच्या बोलीबद्दल न्यूनगंड पेरते. कारण सांगणारे पुस्तक त्याला दोन्हीकडे वावरण्याचे बळ देते. प्रयोग, विभक्ती, लिंग यांची अशी मुळापासून चर्चा हवी असेल तर दामल्यांकडे जावे लागते.

मात्र दामल्यांचा ग्रंथ कोणी लगेच मुलाच्या हाती देऊ नये, आणि शुद्धलेखनासाठी तर मुळीच देऊ नये. ग्रंथ १९११ सालचा आहे. त्या काळी मराठीत उच्चारात नसलेले अनुस्वारही व्युत्पत्तीसाठी लिहीत असत. नाकें, घरें, त्यानें अशी रूपे तेव्हा शुद्ध होती. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम ठरविले, ते १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली आणि एकूण अठरा झाले. आज आपण वापरतो ते हे नियम. त्यांत ‘गरीब’ मध्ये री दीर्घ आणि ‘गरिबी’ मध्ये रि ऱ्हस्व, ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलाला’ ऱ्हस्व, ‘कवी’ दीर्घ पण ‘कविमन’ मध्ये वि ऱ्हस्व, याची व्यवस्था आहे. म्हणून पुस्तक घेताना ते कोणत्या सालचे आणि कोणते नियम मानणारे हे आधी पाहावे. जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाले म्हणून चाळीस सालचे शुद्धलेखन विकत घेतले तर मुलाचे गुण जातील आणि दोष पुस्तकाच्या माथी येईल.

तेव्हा वाचनालयांच्या प्रश्नाला आमचे उत्तर पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’. शाळेपासून स्पर्धापरीक्षांपर्यंत ते चालते, मांडणी सोपी आहे आणि निबंध-पत्रांचाही विचार त्यात आहे. परंतु तेथेच थांबू नये. दुसरी पायरी लेखननियमांची आणि शब्दांच्या रूपांची. यासाठी यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ किंवा अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ यांपैकी एक तरी वाचनालयात हवेच. हे वाचण्याचे नव्हे, शंका आली की उघडण्याचे पुस्तक. ते कपाटात कुलपात ठेवू नये, टेबलावर ठेवावे. तिसरी पायरी शब्दसंपत्तीची. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, पण कोकण आणि देशावरचे किती तरी बोलीशब्द त्याने टिपून ठेवले आहेत. त्याच्या जोडीला वा. गो. आपटे यांचे ‘मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी’ असले म्हणजे वाक्याला मराठी वळण कसे द्यावे ते कळते. कन्नडातून किंवा इंग्रजीतून उचललेली वाक्ये मराठीत का अवघडतात, याचे उत्तर बहुधा संप्रदायांत सापडते. चौथी पायरी दामल्यांची. कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकरांनी १९७० साली या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली, ती मिळाल्यास उत्तम. ती पहिल्या पानापासून वाचण्याचा हट्ट धरू नये. वर्षाला एक प्रकरण, तेही शिक्षकांनी एकत्र बसून वाचावे. पहिले प्रकरण प्रयोगांचे घ्यावे, कारण आपली निकड तेथे आहे.

आणि नवे पुस्तक समोर आले तर दामल्यांच्या पद्धतीने त्याला तीन प्रश्न विचारावेत. ते नियमाबरोबर कारण देते का? जेथे जाणकारांत मतभेद आहे तेथे तो लपविते की सांगते? त्यातली उदाहरणे माणसे बोलतात-लिहितात अशी आहेत, की फक्त परीक्षेसाठी बनविलेली? तिन्हींना होकार मिळाला तर किंमत थोडी जास्त असली तरी घ्यावे. पाने कमी आणि रंगीत चौकटी जास्त असतील तर चार पाने तेथेच उभ्याने चाळून पाहावीत.

कोणी म्हणेल, शाळा टिकविण्याची चिंता असताना हे शुद्ध-अशुद्ध कशाला? आमचे म्हणणे उलट आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ सांगते. ते कलम आपल्यासाठी आपोआप चालत येत नाही. त्यासाठी अर्ज लागतो, निवेदन लागते, ठराव लागतो. समितीच्या कामात आमच्या हातून अशी शेकडो निवेदने गेली आहेत. ज्या निवेदनात मागणी कोणाची, कोणाकडे आणि कशाच्या आधारे हे तीन वाक्यांत स्वच्छ असते, त्याचे उत्तर द्यावे लागते. ज्यात कर्ता एका ओळीत आणि क्रियापद सातव्या ओळीत असते, ते कोणत्याही कचेरीत सहज बाजूला पडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्याला आनंद झाला आणि व्हावयासच हवा. पण तो दर्जा मराठीच्या जुन्या ग्रंथांच्या पुण्याईवर मिळालेला आहे. आपल्या पोरांच्या वहीतले मराठी त्याने सुधारणार नाही.

शेजाऱ्यांकडूनही शिकण्यासारखे आहे. कन्नडमध्ये केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ हे व्याकरण तेराव्या शतकातले. फर्डिनांड किट्टेल या जर्मन मिशनऱ्याने ते एकोणिसाव्या शतकात संपादून छापले, १८९४ साली मोठा कन्नड-इंग्रजी कोश काढला आणि १९०३ साली व्याकरण. धारवाड-हुबळीच्या परिसरात त्याचा वावर होता. केशवसुत धारवाडला आले तेव्हा हे कार्य नुकतेच पार पडलेले होते. आपल्या मुलाला कन्नड व्याकरण तर शाळेत शिकावेच लागते. ते त्याने मन लावून शिकावे. दोन भाषांची व्याकरणे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मराठीचे कर्मणी प्रयोग एका भाषेपुरत्या माणसापेक्षा लवकर उमगतात. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा आहे आणि तो आपण फुकट घालवीत आहोत.

३० एप्रिल १९१३ रोजी मोरोपंतांचे निधन झाले. वय चव्वेचाळीस. ग्रंथ बाहेर पडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. थोरल्या भावाप्रमाणे त्यांनाही आयुष्य थोडे मिळाले, आणि थोरल्या भावाप्रमाणेच त्यांचेही काम मागे उरले. केशवसुतांच्या कविता त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आल्या नव्हत्या. त्या पुढे हरि नारायण आपट्यांनी प्रसिद्ध केल्या. मालगुंडला १९९४ साली कवीचे स्मारक झाले आणि लोक ते पाहावयास जातात. वैयाकरणाचे स्मारक पाहावयास कोकणात जाण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्याच्या एका तरी मराठी वाचनालयाने यंदाच्या खरेदीत दामल्यांची एक प्रत घ्यावी, शेजारच्या गावांच्या शिक्षकांना ती आळीपाळीने द्यावी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगांचे प्रकरण एकत्र बसून वाचावे. जून महिन्यात वर्ग भरतील तेव्हा ‘मी भाकरी खाल्लो’ लिहिणाऱ्या मुलाला तांबड्या शाईबरोबर कारणही मिळेल.